अर्ध्या नावाची हाक

शाळेत त्यांना तुकडे सर म्हणत. आडनाव तुकडे नव्हतं. शब्दाचे तुकडे पाडायचे म्हणून तुकडे सर, आणि खरं आडनाव हळूहळू फक्त मुख्याध्यापकांच्या तोंडी उरलं. विज्ञानाच्या पुस्तकात अशी काही नावं येतात, ग्रीकांनी स्वतः मरून जगाच्या माथी मारून ठेवलेली, की ती वाचताना पोरांची जीभ चिखलात गाडीचं चाक रुतावं तशी रुतते. सर डस्टर उचलायचे.

"ऊस आख्खा तोंडात जातो का रे? नाही जात. पेरापेरानं सोलायचा. म्हणा. फो." डस्टर टेबलावर ठक. "टो." ठक. "सिन्. थे." ठक, ठक. मग ते थांबायचे. शेवटचा तुकडा सर कधी म्हणत नसत, तो वर्गाचा. सगळा वर्ग ओरडायचा, "सिस!" आणि खडूची धूळ उडायची.

शब्द दोन ठिकाणी तुटतो, हे त्यांचं आवडतं शास्त्र. एक सांध्यावर आणि एक जिभेवर. "हेलिकॉप्टर म्हणा बघू. हे, लि, कॉप्, टर. हा झाला जिभेवर तोडलेला. आता सांध्यावर तोडा. हेलिको, म्हणजे पिळासारखं गरगर फिरणारं. मागं काय उरलं? प्टर. म्हणजे पंख. म्हणा, प्टर!" मागच्या बाकांवरून प्टर सुटलं की पुढची पोरं वह्या डोक्यावर धरायची. थुंकीचा शिडकावाच तो. सर हसायचे नाहीत. "कळलं? सांध्यावर तोडलं तर अर्थ सापडतो, पण जीभ अडते. जिभेवर तोडलं तर जीभ सुटते, पण अर्थाचं तंगडं मोडतं. दोन्ही एकदम कोणाला मिळत नाही."

घरीही ते असेच बोलत. हातात डस्टर नसे, म्हणून अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचे. एका पेराला एक तुकडा. "आज. भा. जी. छान. झा. ली." बायको शिवणकाम करायची, पुढच्या खोलीत तिचं मशीन. ती दात आवळून दोरा तोडता तोडता म्हणायची, "मी कापते ते निदान शिवून तरी देते. तुम्ही कापता आणि तसंच टाकून देता." पोरांचा विनोद वेगळा होता. तुकडे सरांनी आइस्क्रीम मागितलं तर मागून होईपर्यंत त्याचं दूध होतं म्हणे.

सरांना हा विनोद ठाऊक होता. ऐकून न ऐकल्यासारखं करणं त्यांना लहानपणापासून जमत होतं.

एक गोष्ट मात्र पोरांना ठाऊक नव्हती. सर शेवटच्या तुकड्याआधी थांबायचे ते वर्गासाठी नव्हे. वर्ग ओरडायच्या अर्धा क्षण आधी, खिडकीकडच्या शेवटच्या बाकावरून, एक आवाज तो तुकडा पुरा करायचा. बारीक, थोडा खट्याळ, नाकातून येणारा. मग वर्गाचा कल्लोळ त्याच्यावर पडायचा आणि तो बुडून जायचा. त्या बाकावर सर कोणाला बसू देत नसत. मोडकं आहे, म्हणायचे. बाक चांगलं धडधाकट होतं. शिपायाने एकदा ते दुरुस्तीला न्यावं म्हणून उचललं, हलवून बघितलं आणि परत जागेवर ठेवलं.

आवाज आपल्या डोक्यातला आहे हे सरांना कळत होतं. विज्ञानाचा माणूस. पण कळलं म्हणून आवाज थांबतो थोडाच. सरांचे केस पिकले, चष्म्याची काच जाड झाली, आणि त्या आवाजाला मात्र मिसरूड फुटली नाही.

तो आवाज त्यांच्या धाकट्या भावाचा होता.

सर लहानपणी तोतरे होते. साधे नव्हे, चांगले खणखणीत. पाणी मागायचं तर "पा" दारावर धडका देत राहायचा आणि "णी" आत कोंडून बसायची. बोलायला लागले की मान ताणायची, डोळे मिटायचे, ओठाच्या कोपऱ्याला फेस यायचा. गल्लीतल्या बायका तोंड फिरवून घ्यायच्या आणि गल्लीतली पोरं तोंड वाकडं करून नक्कल करायची. धाकटा मात्र वेगळाच निघाला. थोरल्याने "पा" म्हटलं की हा "पाणी" म्हणून मोकळा. "चें" म्हटलं की "चेंडू". दुकानात दोघं जोडीनं जायचे. एक शब्द सुरू करायचा, दुसरा संपवायचा. दुकानदार म्हणायचा, "तुम्हा दोघांत मिळून एकच तोंड आहे का रे?" धाकटा म्हणायचा, "तोंडं दोन आहेत, जीभ माझ्याकडे असते."

सगळे शब्द धाकटा पुरे करायचा. एक तेवढा त्याला करता येत नसे. तो म्हणजे त्याचं स्वतःचं नाव. कारण थोरला ते नाव घ्यायचा तेव्हा धाकटा लांब असायचा.

जेवायच्या वेळी धाकट्याला हाक मारणं हे थोरल्याचं काम होतं. बाप रेल्वेच्या मालधक्क्यावर सांधेवाला. गाडी कोणत्या रुळावर घालायची तो सांधा बदलायचा. घराच्या मागच्या दाराशी उभं राहिलं की समोर सगळा धक्का दिसायचा. धाकटा तिथं कुठंतरी खिळे, बोल्ट, फुटक्या काचा वेचत फिरायचा. थोरला दाराशी उभा राहून नावाचं पहिलं अक्षर घ्यायचा. आणि ते अडकायचं. तेच, तेच, तेच, पुन्हा तेच. पण धाकट्याचे कान असे की पहिलं अक्षर कानावर पडलं की तो निघालाच. नाव पुरं होईपर्यंत मागच्या नळावर पाय धूत असायचा. पाय न धुता घरात आला तर आईचा उलथन्याचा फटका ठरलेला.

आईला हे आवडत नव्हतं. पायांचं नव्हे, पुरं करण्याचं. एक दिवस तिने धाकट्याला कान धरून समोर बसवलं.

"त्याच्या तोंडातला घास तू का खातोस?"

"मी कुठं खाल्ला?"

"शब्द म्हणजे घासच असतो. तू त्याचं सगळं पुरं करतोस म्हणून त्याचं अडतं. उद्यापासून गप्प राहायचं. त्याला म्हणू दे. हाक मारली तर नाव पुरं होईपर्यंत जागचं हलायचं नाही. कळलं?"

"आणि रात्र झाली तर?"

"तर रात्रभर उभा राहा."

धाकट्याने त्याचा खेळ केला. थोरला दाराशी आला की हा धक्क्यावर जिथं असेल तिथं कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. दात काढून हसायचा. इकडे थोरला मान ताणतोय, पाय आपटतोय, आणि तिकडे हा पुतळ्यासारखा. नाव एकदाचं बाहेर पडलं की पुतळ्यात जीव यायचा आणि तो धावत सुटायचा. थोरल्याला रडू यायचं. पण खरं सांगायचं तर नाव थोडं थोडं सुटायलाही लागलं होतं. आई आतून म्हणायची, "सावकाश. कुठं पळून जातोय तो."

मालधक्क्यावर डबे सोडायची एक पद्धत असते. इंजिन डब्याला मागून ढकलतं आणि मधेच थांबतं. डबा एकटा सुटतो आणि उतारावरून आपला आपण घरंगळत जातो, ठरलेल्या रुळावर जाऊन दुसऱ्या डब्याला भिडतो. इंजिनाची धडधड मागंच राहते. सुटलेला डबा आवाज करत नाही. मांजर चालावं तसा येतो.

त्या दिवशी थोरला दाराशी आला तेव्हा धाकटा रुळांच्या मधे होता. थोरल्याने पहिलं अक्षर घेतलं. धाकट्याने वर बघितलं, वळून घराकडे तोंड केलं, कमरेवर हात ठेवले. त्याच्या पाठीमागून डबा येत होता.

थोरल्याने हात हलवला. धाकट्यानेही हात हलवला.

नुसतं किंचाळला असता तरी चाललं असतं. पण हाकेला तोंड उघडलं होतं ते नावासाठी, आणि नाव दारात आडवं पडलं होतं. त्याच्यावरून ना किंकाळी जाऊ शकत होती ना शिवी. पाय जमिनीत गेले होते. पहिलं अक्षर, पहिलं अक्षर, पहिलं अक्षर. धाकटा हसत वाट बघत होता.

तेव्हापासून थोरल्याने ते नाव घेतलं नाही. कोणी विचारलंही नाही. तो दारात होता एवढं लोकांना ठाऊक होतं. धाकट्याने त्याला बघितलं होतं, हात हलवला होता आणि नाव पुरं व्हायची वाट बघत उभा राहिला होता, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बापाने नोकरी सोडली नाही, पोटाला सुट्टी नसते. फक्त घरी येताना धक्का ओलांडून यायचा तो पुलावरून वळसा घालून यायला लागला. आणि आईने थोरल्यासमोर धाकट्याचं नाव पुन्हा कधी काढलं नाही. ती आपल्याला जपते आहे की आपल्यावर ठपका ठेवते आहे, हे थोरल्याला तेव्हाही कळलं नाही आणि पुढं म्हातारपणाच्या उंबऱ्यावर येईपर्यंतही कळलं नाही. विचारायचं तर पुन्हा नावापासून सुरुवात करावी लागली असती.

पुढं शाळेत विज्ञानाला एक मास्तर आले. ते लांब शब्द फळ्यावर लिहून मधे मधे खडूच्या उभ्या रेघा मारत आणि एकेक तुकडा वाचायला लावत. थोरल्याची पाळी आली तेव्हा वर्ग आधीच फिदीफिदी हसायला लागला होता. थोरला उठला. मे. टा. मॉर्. फो. सिस. कुठंही अडलं नाही. वर्ग गप्प. थोरला स्वतःच घाबरला. त्या तुकड्यांना ओळखपाळख नव्हती. "मॉर्" म्हणताना कोणी आठवत नव्हतं, "फो" कोणाचं नाव नव्हतं. रिकामे डबे होते ते, एकामागून एक ढकलत जायचे. त्या दिवसापासून तो सगळंच तुकड्यांत बोलायला लागला, पुस्तकातलं शास्त्र सांगताना तेवढं सलग यायचं. तोतरेपणा गेला, त्या जागी तुकडे सर आले. आणि नोकरीच्या पहिल्याच वर्षी, वर्गात शिकवताना, शेवटच्या तुकड्याआधी श्वास घ्यायला ते थांबले तेव्हा मागच्या बाकावरून धाकट्याने तो पुरा केला. आई त्याला कधी रागावलीच नव्हती, असा.

*

आईच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली ती एका सकाळी, ओट्याशी उभी असताना. दवाखान्यातून घरी आली तेव्हा हातपाय ठीक होते, बोलणं ठीक होतं. फक्त माणसं ओळखू येत नव्हती.

डॉक्टरांनी सरांना बाजूला घेतलं. "याला प्रोसोपॅग्नोसिया म्हणतात. डोळे शाबूत असतात, चेहरा दिसतो. पण कोणाचा ते कळत नाही."

सरांचा अंगठा आपोआप पेरांवर गेला. "प्रो. सो. पॅग्. नो. सि. या."

"अगदी बरोबर."

"प्रोसोप म्हणजे चेहरा. ग्नोसिस म्हणजे ओळख. मधला 'अ' म्हणजे नाही. पण जिभेवर तोडलं की तो 'अ' 'पॅग्' मधे लपतो. 'नाही' कुठं आहे तेच सापडत नाही."

डॉक्टर चष्मा पुसत होते. "सर, ते तुम्ही वर्गात शिकवा. आवाजाने ओळखतील त्या. सारखं बोलत राहा त्यांच्याशी. आणि पोटात काय जातंय तिकडे लक्ष द्या. त्यांना काळवेळेचाही घोळ झालाय."

आईने आपल्या खुणा शोधून काढल्या. सुनेला ती गळ्यातल्या मापाच्या टेपवरून ओळखायची. टेप काढून ठेवली की सून परकी. शेजारच्या आजींना त्यांच्या खोकल्यावरून, दूधवाल्याला बरणीच्या आवाजावरून. आवाजावरून तर सगळे ओळखू यायचे. एक सोडून.

"अहो, तुम्ही कोण?" पहिल्या दिवशी तिने सरांना विचारलं. "मीटर बघायला आलात का?"

"आ. ई. मी. थोर. ला."

आईने त्यांच्याकडे नीट बघितलं. तोंडावर हात ठेवून हसली. "कोणाची थट्टा करता? माझा थोरला असं खटाखटा बोलतो का? माझ्या पोराला सरळ 'आई' म्हणता येत नाही. तोतरा आहे तो. बसा, आला की भेटवते."

सर बसले. करणार काय? आईच्या दृष्टीनं ते कोणी सभ्य गृहस्थ होते, सुनेच्या ओळखीचे. ती त्यांना मास्तर म्हणायला लागली. त्यांच्यासमोर पदर सावरायची.

हेही चाललं असतं. पण मग आईने जेवण थांबवलं.

सुनेने ताट समोर ठेवलं. आई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "मुलं येऊ देत."

"आई, तुम्ही घ्या. गार होतंय."

"थोरला गेलाय मागच्या दाराशी. धाकट्याला हाक मारायला. हाक आली की वाढू. हाक कुठं आली अजून?"

सुनेने सरांकडे बघितलं. सरांनी ताटाकडे.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दोन चमचे दूध आत गेलं तेही सुनेने औषध म्हणून फसवलं म्हणून. डॉक्टर आले, नाकातून नळी घातली. आईने ती खेचून काढली आणि गुंडाळी करून सुनेच्या हातात दिली, "ही तुझ्या मशीनची वादी तुटली बघ." डॉक्टर सरांना म्हणाले, "या वयात इतकं रिकामं पोट चालत नाही. काहीही करा, पण तोंडावाटे जाऊ दे. नाहीतर आठवडा काढणार नाहीत."

डॉक्टर गेल्यावर बायकोने मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं.

"मारा ना हाक."

सरांनी नळीची गुंडाळी उचलून खिडकीत ठेवली.

"काय जाणार आहे? तीन अक्षरांचं काम. दिवसभर ग्रीकांची नावं घेता, सख्ख्या भावाचं एकदा घ्या. जीभ झडत नाही."

"तू. मार."

"मी मारू?" तिने टेप गळ्यातून काढून मशीनवर टाकली आणि तरातरा मागच्या दाराशी गेली. लग्न होऊन आली तेव्हापासून दिराचं नाव तिने फक्त शेजारणींच्या कुजबुजीत ऐकलं होतं. तिने ते गल्लीत खणखणीत फेकलं. गल्लीतल्या नळावर बसलेला कावळा उडाला.

आतून आई म्हणाली, "ही कोण बाई आमच्या पोराला बोलावतेय? थोरल्याचं काम आहे ते."

बायको परत आली, टेप उचलून गळ्यात घातली आणि नवऱ्याकडे न बघता मशीनवर बसली. पण मशीन सुरू केलं नाही. ते न सुरू झालेलं मशीन सरांच्या छातीवर दगडासारखं बसलं.

त्या संध्याकाळी सर मागच्या दाराशी गेले. धक्का आता समोर नव्हता, घर बदललं होतं. समोर गल्ली, दोन सायकली, सगळ्यांचा मिळून एक नळ, आणि पलीकडच्या घराची पाठ. पण वारा तिकडून असला की डबे भिडल्याचा आवाज अजून यायचा. सरांनी अंगठा पहिल्या पेरावर ठेवला. नाव जिभेवर तोडलं. एक पेर, एक तुकडा. दुसरं पेर, दुसरा तुकडा. तिसरं. नाव स्वच्छ बाहेर पडलं, फळ्यावर लिहिल्यासारखं.

इतकी वर्षं कोंडलेलं नाव निघालं आणि काहीही झालं नाही. घाम फुटला नाही, रडू आलं नाही. कोणाचंच नसलेलं, पुस्तकातलं नाव.

"गल्लीत कोणी भंगारवाला आलाय का गं?" आईने सुनेला विचारलं. "काहीतरी तोडून तोडून ओरडतोय."

सर तसेच उभे राहिले. त्यांच्या मागं बायको येऊन उभी राहिली होती ते त्यांना उशिरा कळलं.

"ती थोरल्याची हाक मागतेय," बायको हळू आवाजात म्हणाली. या वेळी तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. "मास्तरांची नाही."

"अड. केल."

"अडकू दे की. अडकलेलीच हवी आहे तिला."

"तुला. ठाऊक. नाही. काय. होतं. ते."

"मग सांगा."

सरांचा अंगठा पेरांवर फिरला, एकदा, दोनदा. तुकडा सापडला नाही. आईच्या हातातली वाटी भिंतीला लागून वाजली. ती रिकामी होती, आई नुसतीच ती हातात धरून बसायची, मुलं आली की वाढायला.

सरांनी दाराच्या चौकटीच्या दोन्ही बाजू दोन्ही हातांनी धरल्या. अंगठा चौकटीवर घट्ट दाबला, पेरांकडे जाऊ नये म्हणून. तोंड उघडलं.

पहिलं अक्षर आलं. आणि अडकलं.

ते तसंच होतं, जसं टाकून आले होते तसं. म्हातारं झालं नव्हतं, गंजलं नव्हतं. तेच, तेच, तेच, पुन्हा तेच. मान ताणली, डोळे मिटले, ओठाच्या कोपऱ्याला ओलं झालं. आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे गल्ली उरली नाही. रूळ होते, कमरेवर हात ठेवून धाकटा उभा होता, दात काढून हसत होता आणि त्याच्या पाठीमागून डबा निघाला होता. सरांचा एक हात चौकटीवरून सुटला आणि हलला. धाकट्यानेही हात हलवला. अक्षर धडका देत राहिलं. पलीकडच्या घराची खिडकी उघडली आणि कोणीतरी बघून पटकन लावली. बायकोने त्यांच्या पाठीला हात लावायला उचलला आणि मागं घेतला.

मागून काहीतरी आदळल्याचा आवाज झाला. आईच्या हातातली वाटी. ती भिंत धरून उठली होती, इतक्या दिवसांची उपाशी, आणि स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून तिने ते नाव पुरं केलं. सगळ्या अंगानं, घसा फाटेस्तोवर.

"ये रे! थांबू नकोस! पुरं व्हायची वाट बघू नकोस, अर्ध्यावरच ये! मी सांगते तुला, ये!"

सरांच्या तोंडातलं अक्षर बंद पडलं.

ते वळले. आई धापा टाकत त्यांच्याकडे बघत होती. त्यांच्या तोंडाकडे, चेहरा कोणाचा ते न कळता. ती त्या दिवशी कुठं होती? चुलीशी होती, असंच सगळे म्हणायचे. सरांनीही तसंच धरलं होतं. पण चुलीशेजारी खिडकी होती आणि खिडकीतून धक्का दिसत होता. नाव पुरं होईपर्यंत जागचं न हलायला तिनेच शिकवलं होतं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की या घरात आपणच एकटे त्या रुळांशी उभे आहोत.

"आ," सर म्हणाले. अंगठा पेरांवर गेला नाही. "आ, आ, आ..."

आईने वाट बघितली नाही. "आई काय? आलास ना थोरल्या? किती वेळ रे. हाक मारायला गेलास की विहीर खणायला?" ती हळूहळू खाली बसली, भिंतीला टेकली. सुनेच्या गळ्यातली टेप बघून म्हणाली, "वाढ गं. त्याचंही वाढून ठेव."

सुनेने तीन ताटं घेतली. एक क्षण थांबली आणि चौथं घेतलं. पहिला घास तिने कालवून दिला. आईने तोंडात घेतला, घोळवला, गिळला. सर तिच्या गळ्याकडे बघत होते, घास खाली उतरताना दिसेपर्यंत. दुसरा घास आईने स्वतः घेतला. म्हणाली, मीठ कमी आहे. सुनेने डोळ्याला टेपचं टोक लावलं आणि मीठ आणायला उठली.

सर दार लावायला गेले.

"लावू नकोस," आई तोंडात घास असतानाच म्हणाली. "पाय धुतोय तो."

बाहेर गल्लीतला नळ सुटला होता. पाण्याची धार दगडावर पडत होती, मधेच तुटत होती, पुन्हा पडत होती. एक पाय धुवून माणूस दुसरा पुढं करतो तशी. शेजारचं कोणी असेल. या वेळी पाणी भरायला कोणी ना कोणी येतंच.

सरांनी दार उघडंच ठेवलं आणि आत येऊन ताटावर बसले. बघायला गेले नाहीत.